स्वादुपिंडाचा कॅन्सर: ऑपरेशनच्या आधीचे सहा महिने

'गाठ आहे ना, मग काढून का टाकत नाहीत?' स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातला प्रत्येक जण हेच विचारतो. डॉक्टर म्हणतात, 'आधी केमो, मग रेडिएशन, मग बघू.' ते ऐकून अनेकांना वाटतं की आता काही हातात राहिलेलं नाही म्हणून वेळ काढतायत. तसं नाही. गाठ पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असेल तर ऑपरेशनच्या आधीचे हे पाच-सहा महिने हाच उपचाराचा मोठा भाग असतो. ते कसे जातात यावर ऑपरेशन होणार की नाही, हे बरंचसं ठरतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक शब्द स्वच्छ करू. 'अ‍ॅडव्हान्स्ड' हा शब्द दोन वेगळ्या परिस्थितींसाठी वापरला जातो आणि त्यातून फार घोटाळा होतो. यकृतात, फुप्फुसात किंवा पोटाच्या अस्तरावर कॅन्सर पसरलेला असेल तर तो मेटास्टॅटिक. तिथे उपचार मुख्यतः केमोचा असतो. दुसरी परिस्थिती म्हणजे कॅन्सर जागच्या जागीच आहे, पण शेजारच्या रक्तवाहिन्यांना भिडलाय. हा लेख या दुसऱ्या गटाबद्दल आहे. निदानाच्या वेळी साधारण निम्म्या रुग्णांमध्ये कॅन्सर पसरलेला असतो, १५ ते २० टक्के रुग्णांची गाठ सरळ काढता येण्याजोगी असते, आणि उरलेले या मधल्या गटात येतात.

रक्तवाहिन्यांचं एवढं महत्त्व का, ते समजून घ्यायला पोटाच्या आत डोकवावं लागतं. स्वादुपिंडाचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, ड्युओडेनमच्या कुशीत बसलेलं असतं. त्याच्या मागून पोर्टल शीर यकृताकडे जाते. तिला खालून येऊन मिळणारी मेसेंटेरिक शीर आणि तिच्या डाव्या अंगाला असलेली सुपीरियर मेसेंटेरिक धमनी, जिला सगळे 'एसएमए' म्हणतात, या दोघी स्वादुपिंडाला अगदी खेटून असतात. जवळजवळ सगळ्या लहान आतड्याचं रक्त या एका धमनीतून येतं. शिरेचा तुकडा कापून पुन्हा जोडता येतो, अनुभवी सर्जन ते नेहमी करतात. एसएमएचा तुकडा कापून जोडणं मात्र इतकं धोक्याचं आहे की बहुतेक ठिकाणी ते करतच नाहीत.

म्हणून सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये अंशांची भाषा येते. गाठीने एसएमएच्या परिघाला १८० अंशांपर्यंत, म्हणजे अर्ध्या वर्तुळापर्यंत स्पर्श केला असेल तर ती 'बॉर्डरलाइन'. त्याहून जास्त वेढा असेल तर 'लोकली अ‍ॅडव्हान्स्ड'. शिरेला १८० अंशांहून जास्त वेढा आहे किंवा शीर वेडीवाकडी झालीय, पण जोडता येण्याजोगी आहे, तर बॉर्डरलाइन. जोडायला वर-खाली निरोगी शीरच उरलेली नसेल तर लोकली अ‍ॅडव्हान्स्ड. रिपोर्टमध्ये नुसतं 'रक्तवाहिनीजवळ गाठ' असं लिहिलं असेल आणि अंशांचा उल्लेख नसेल, तर तो रिपोर्ट पुन्हा मागून घ्यावा. पुढचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावर उभे असतात.

आता सरळ ऑपरेशन केलं तर काय बिघडतं? डोळ्यांना दिसणारी गाठ निघते, पण धमनीभोवतीच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात शिरलेल्या पेशी मागे राहतात. काढलेल्या भागाच्या कडेपासून १ मिलिमीटरच्या आत कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर बहुतेक पॅथॉलॉजिस्ट त्याला 'आर-१' म्हणतात. कड स्वच्छ असेल तर 'आर-०'. एवढं मोठं ऑपरेशन सोसून आर-१ हाती येणं ही फार वाईट गोष्ट आहे. दुसरं असं की यकृतात डोळ्यांना आणि स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी बऱ्याच जणांत आधीच पोचलेल्या असतात. ऑपरेशननंतर अशक्तपणा, जखमेतलं इन्फेक्शन, गळती अशा कारणांनी केमो लांबते, काहींना ती कधीच मिळत नाही, आणि त्या पेशींना मोकळं रान मिळतं.

नेदरलँड्समधल्या प्रीओपँक या चाचणीने हा प्रश्न थेट तपासला. २४६ रुग्ण, गाठ काढता येण्याजोगी किंवा बॉर्डरलाइन. एका गटाचं आधी ऑपरेशन केलं. दुसऱ्याला आधी जेमसिटाबिन या केमोच्या औषधाच्या तीन सायकल (फेऱ्या) दिल्या, त्यातल्या दुसऱ्या सायकलबरोबर १५ वेळांत मिळून ३६ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) रेडिएशन दिलं, आणि मग ऑपरेशन. मीडियन आयुर्मानात (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) फरक थोडा दिसला, १५.७ महिने विरुद्ध १४.३ महिने. पण पाच वर्षांनी हयात असलेले मोजले तेव्हा आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांत २०.५ टक्के आणि आधी ऑपरेशन झालेल्यांत ६.५ टक्के. ऑपरेशन झालेल्यांमध्ये आर-० चं प्रमाणही ७१ विरुद्ध ४० टक्के. रुग्णाला आकडे सांगताना नुसता मीडियन सांगून थांबू नये असं मला वाटतं, ते याच्यामुळे.

पण इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. रेडिएशनचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांमध्ये खरा मतभेद आहे. फोल्फिरिनॉक्स ही जोरदार केमो आल्यावर चित्र बदललं. अमेरिकेतल्या अलायन्स ए०२१५०१ या चाचणीत बॉर्डरलाइन रुग्णांच्या एका गटाला फोल्फिरिनॉक्सच्या आठ सायकल दिल्या, आणि दुसऱ्याला सात सायकल अधिक पाच दिवसांचं रेडिएशन. १८ महिन्यांनी हयात असलेले पहिल्या गटात ६६.७ टक्के, दुसऱ्यात ४७.३ टक्के. रेडिएशनचा गट मध्येच बंद करावा लागला. प्रीओपँक-२ मध्ये आधी फक्त फोल्फिरिनॉक्स आणि आधी जेमसिटाबिन-रेडिएशन यांची तुलना झाली, आणि दोन्हींत आयुर्मान जवळजवळ सारखंच, सुमारे २१-२२ महिने निघालं. लोकली अ‍ॅडव्हान्स्ड रुग्णांवरच्या एलएपी-०७ चाचणीत केमोनंतर ५४ ग्रे रेडिएशन दिल्याने आयुष्य वाढलं नाही, पण गाठ जागच्या जागी वाढण्याचं प्रमाण ४६ वरून ३२ टक्क्यांवर आलं.

याचा अर्थ मी असा लावतो: शरीरभर फिरणाऱ्या पेशींचा बंदोबस्त केमो करते, धमनीच्या कडेचा तो एक मिलिमीटर रेडिएशन सांभाळतं. केमो कमकुवत असेल तर कड स्वच्छ होऊनही रुग्ण यकृतातल्या गाठींनी जातो. म्हणून चांगली केमो आधी, पुरेशी, आणि रेडिएशन त्यानंतर, तेही निवडक रुग्णांना: ज्यांच्या धमनीला गाठ भिडलीय आणि केमोच्या काळात जिने बाहेर कुठे डोकं वर काढलेलं नाही. साध्या, धमनीपासून दूर असलेल्या गाठीला सरसकट रेडिएशन देण्यामागे मला आज तरी पुरेसा आधार दिसत नाही.

ऑपरेशननंतर रेडिएशन देण्यापेक्षा आधी देण्याचे काही सरळ फायदे आहेत. गाठीचा रक्तपुरवठा शाबूत असतो, आणि ऑक्सिजन असलेल्या पेशींवर किरणांचा परिणाम जास्त होतो. ज्या ड्युओडेनमला किरणांचा त्रास होतो ते स्वादुपिंडाच्या डोक्याच्या ऑपरेशनमध्ये निघूनच जातं. नंतर रेडिएशन दिलं तर नव्याने जोडलेल्या आतड्याला ते सोसावं लागतं.

आता तयारीकडे. चुका सर्वांत जास्त इथे होतात.

बहुतेक रुग्ण कावीळ घेऊन येतात, कारण स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ पित्तनलिका दाबते. घाईघाईत आधी एन्डोस्कोपीतून स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकला जातो आणि मग सीटी काढला जातो. हा क्रम उलटा हवा. स्टेंटमुळे चित्रात रेघा येतात, आणि एन्डोस्कोपीमुळे स्वादुपिंडाला सूज आली तर गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते हे कळत नाही. ज्या अंशांवर सगळं अवलंबून आहे तेच पुसट होतात. तेव्हा तापासह इन्फेक्शन नसेल तर आधी 'पँक्रियास प्रोटोकॉल' सीटी: शिरेतून डाय दिल्यावर ४० ते ५० सेकंदांनी एक फेरी, ६५ ते ७० सेकंदांनी दुसरी, आणि काप ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. पोटाचा नेहमीचा सीटी या कामाला चालत नाही.

स्टेंट धातूचा हवा. प्लास्टिकचा स्टेंट अरुंद असतो आणि साधारण तीन महिन्यांत तुंबतो, म्हणजे नेमका केमोच्या मध्यावर. धातूचा स्टेंट आखूड निवडला तर पुढे सर्जनला पित्तनलिका वरच्या बाजूला कापून जोडायला जागा उरते. स्टेंट तुंबल्याची खूण सगळ्या घराने पाठ करून ठेवावी: थंडी वाजून हुडहुडी भरणारा ताप, लघवी पुन्हा गडद पिवळी, शौच पांढरट. हा ताप केमोचा असेल म्हणून पॅरासिटामॉल देऊन रात्र काढायची नसते. पित्तातलं इन्फेक्शन रक्तात उतरायला काही तास पुरतात, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना तर फारच. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं.

केमो सुरू करण्याआधी बायोप्सी लागतेच. एन्डोस्कोपीतल्या सोनोग्राफीने, जठर किंवा ड्युओडेनममधून सुई घालून ती घेतात. पहिला नमुना 'अपुरा' आला तर पुन्हा घ्यावा लागतो. त्यात आठवडा जातो म्हणून चिडू नका. स्वादुपिंडाच्या एका प्रकारच्या जुनाट दाहामुळेही हुबेहूब अशीच गाठ दिसते, आणि ती स्टेरॉइडने विरघळते.

सीए १९-९ ही कॅन्सरची खूण मोजणारी रक्ततपासणी कावीळ उतरल्यावर करावी. नॉर्मलची वरची मर्यादा ३७. कावीळ असताना कॅन्सर नसतानाही हा आकडा भरमसाट वाढलेला दिसू शकतो, आणि मग पुढे तो उतरला तो केमोने की स्टेंटने, हे सांगता येत नाही. शिवाय ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही. त्यांचा आकडा कमी आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. आकडा फार जास्त असेल किंवा गाठ मोठी असेल तर दुर्बिणीतून पोटात एक नजर टाकून घेणं शहाणपणाचं, कारण यकृताच्या पृष्ठभागावरचे बारीक ठिपके स्कॅनमध्ये सुटतात. आणि अनुवांशिक तपासणी प्रत्येकाची व्हावी, घराण्यात कॅन्सर नसला तरी. बीआरसीए किंवा पीएएलबी-२ जनुकात दोष निघाला तर प्लॅटिनमवर आधारलेली केमो जास्त उपयोगी पडते, आणि भावंडांना, मुलांनाही वेळेत सावध करता येतं.

केमोबद्दल. मॉडिफाइड फोल्फिरिनॉक्स दर १४ दिवसांनी देतात. शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ऑक्सालिप्लॅटिन ८५ मिलिग्रॅम, इरिनोटेकान १५०, ल्युकोव्होरिन ४००, आणि फाइव्ह-एफयू २४०० मिलिग्रॅम ४६ तासांत पंपाने. पृष्ठफळ १.६ असेल तर ऑक्सालिप्लॅटिन १३६, इरिनोटेकान २४० आणि पंपात ३८४० मिलिग्रॅम. पंप घरी घेऊन जाता येतो, त्यासाठी छातीत पोर्ट (कातडीखालून शिरेत औषध सोडायची छोटी डबी) बसवलेला असतो. ऑक्सालिप्लॅटिन फक्त ग्लुकोजच्या सलाइनमधून जातं. मिठाच्या सलाइनमध्ये त्याचं रासायनिक विघटन होतं, त्यामुळे आधी आणि नंतर नळीही ग्लुकोजनेच धुवावी लागते.

सुरू करण्याआधी डीपीवायडी जनुकाची तपासणी मागून घ्या. फाइव्ह-एफयू मोडून टाकणारं एन्झाइम काही लोकांत कमी असतं. त्यांना नेहमीचा डोस दिला तर तोंड सोलवटून येतं, रक्तस्रावी जुलाब होतात, पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि जीवही जाऊ शकतो. साध्या रक्ततपासणीने टळणारी गोष्ट आहे ही. इरिनोटेकानसाठी यूजीटी१ए१ या जनुकाची तपासणी तशीच. बिलिरुबिन नॉर्मलच्या जवळ आल्याशिवाय इरिनोटेकान सुरू करत नाहीत, कारण ते पित्तावाटेच बाहेर पडतं.

इरिनोटेकानचे जुलाब दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा. औषध चालू असताना किंवा त्याच दिवशी घाम, लाळ, पोटात मुरडा आणि जुलाब आले तर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन. दोन-तीन दिवसांनी किंवा आठवड्याने आले तर लोपरामाइड: पहिल्या पातळ शौचालाच ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २ मिलिग्रॅम, जुलाब १२ तास थांबेपर्यंत. सोबत ताप असेल किंवा २४ तासांत आटोक्यात आले नाहीत तर हॉस्पिटल. ऑक्सालिप्लॅटिननंतर चार-पाच दिवस गार पाणी, गार लादी, फ्रिजमधली भांडी टाळायची. गार घोट घेतला की घसा आवळल्यासारखा वाटतो. श्वास खरंच अडकत नाही, पण माणूस घाबरून जातो. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन पंप काढल्यावर किमान २४ तासांनी घ्यायचं, त्याच दिवशी नाही. आणि पंप चालू असताना छातीत दुखलं तर पंप थांबवून लगेच इसीजी. फाइव्ह-एफयूने हृदयाच्या धमन्या आकसू शकतात.

वय किंवा तब्येत पाहून ही केमो झेपणार नसेल तर चौरस मीटरमागे जेमसिटाबिन १००० आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल १२५ मिलिग्रॅम, २८ दिवसांच्या सायकलमध्ये पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं ती. वजन. 'कॅन्सर आहे, केमो चालू आहे, वजन उतरणारच' असं म्हणून सगळे गप्प बसतात. पुष्कळदा वजन उतरतं ते खाल्लेलं पचत नाही म्हणून. गाठीने स्वादुपिंडाची नळी बंद केलेली असते, पाचक रस आतड्यात पोचतच नाहीत. शौच तेलकट, फिकट, उग्र वासाचं, भांड्याला चिकटून राहणारं असेल, जेवल्यावर पोट फुगत असेल, तर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. मुख्य जेवणाला ४० ते ५० हजार युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम), मधल्या खाण्याला २५ हजार. आणि कॅप्सूल घ्यायची कधी, याला डोसइतकंच महत्त्व आहे. जेवणाच्या आधी अर्धा तास घेतली तर ती अन्नाच्या पुढे निघून जाते, जेवून उठल्यावर घेतली तर मागे राहते. पहिल्या घासाबरोबर निम्म्या, जेवण अर्ध्यावर आल्यावर उरलेल्या. चावायच्या नाहीत, गरम चहासोबत घ्यायच्या नाहीत, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. तरी फरक पडला नाही तर जठरातली आम्लता कमी करणारी गोळी जोडतात, कारण आम्लात लायपेज मरतं. 'कॅप्सूल घेऊन बघितल्या, उपयोग नाही' असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांचा डोस एक कॅप्सूल दहा हजारांची, तीही जेवणानंतर, एवढाच असतो. एक इशारा: अन्न अंगी लागू लागलं की साखर वाढते. उलटीविरोधी औषधांतल्या डेक्सामेथासोनने ती आणखी चढते. ग्लुकोमीटर घरात हवाच.

पायात किंवा एकाच पोटरीत सूज, अचानक धाप, याकडेही दुर्लक्ष नको. रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण या कॅन्सरमध्ये फार जास्त आहे, आणि पुष्कळ रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधं आधीच सुरू करतात.

चार ते आठ सायकल झाल्या, स्कॅनमध्ये पसरलेलं काही नाही, सीए १९-९ चा आकडा उतरतोय, की रेडिएशनची पाळी. नेहमीची पद्धत: दिवसाला १.८ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, २८ वेळा, एकूण ५०.४ ग्रे. सोबत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, चौरस मीटरमागे ८२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर अर्ध्या तासात, फक्त रेडिएशनच्या दिवशी. शनिवार-रविवारी रेडिएशन नाही तर गोळ्याही नाहीत. हे कागदावर लिहून घ्यावं, कारण रोज घेणं ही नेहमीची चूक आहे. वॉरफरिन चालू असेल तर आधी सांगा, कॅपेसिटाबिनसोबत रक्त धोकादायक पातळ होतं. जेमसिटाबिन किरणांचा परिणाम कितीतरी पटीने वाढवतं, म्हणून पूर्ण डोसच्या जेमसिटाबिनसोबत रेडिएशन कमी द्यावं लागतं. प्रीओपँकमधले ३६ ग्रे त्यातूनच आलेले.

दुसरी पद्धत स्टीरिओटॅक्टिक, म्हणजे अगदी नेमक्या जागी थोड्याच वेळा मोठी मात्रा: पाच दिवसांत ३३ ते ४० ग्रे. वेळ वाचतो, केमो फार लांबत नाही. पण गाठ जठराच्या किंवा ड्युओडेनमच्या आतल्या अस्तरापर्यंत शिरलेली असेल तर ही पद्धत वापरू नये. त्या जागी भोक पडतं किंवा रक्तस्राव होतो. आधी एन्डोस्कोपीने आतून बघून घ्यायचं.

रेडिएशनचं सगळं कसब प्लॅनिंगमध्ये आहे. श्वासाबरोबर स्वादुपिंड वर-खाली एक-दोन सेंटिमीटर हलतं, आणि इथे हिशोब मिलिमीटरचा. म्हणून श्वासाच्या प्रत्येक टप्प्याचे सीटी घेतात किंवा श्वास रोखायला शिकवतात. गाठीत एन्डोस्कोपीने सोन्याचे दोन-तीन बारीक कण बसवतात आणि ते जागेवर स्थिरावायला काही दिवस थांबून मग प्लॅनिंग सीटी करतात. रोज किरण सोडण्याआधी मशीन त्या कणांवरून गाठीची जागा जुळवून घेतं. फक्त पाठीच्या मणक्यांवर जुळवलं तर हाडं बरोबर जागी आणि गाठ एक सेंटिमीटर खाली, असं होऊ शकतं. स्टेंटवर भरवसा ठेवून काम भागवू नये, तो सरकतो, बदललाही जातो.

रुग्णाकडून एकच गोष्ट हवी असते, पण ती रोज: उपचाराआधी दोन-तीन तास पोट रिकामं. प्लॅनिंगच्या दिवशी जठर रिकामं होतं आणि उपचाराच्या दिवशी भरलेलं असेल तर ते फुगून थेट किरणांच्या वाटेत येतं. बाकी मर्यादा डॉक्टर आणि फिजिसिस्ट पाळतात: मणक्यातला मज्जारज्जू ४५ ग्रेच्या आत, जठर आणि ड्युओडेनमचा कुठलाही भाग ५४-५५ च्या वर नाही, मूत्रपिंडांची सरासरी १८ च्या खाली. किरण द्यायच्या भागात गाठ तर असतेच, पण गाठ जिथे धमनीला टेकते तो पट्टा पूर्ण आलाय ना, हे प्लॅन मंजूर करण्याआधी सर्जनने पडद्यावर बसून बघावं, असा माझा आग्रह आहे. कड त्यालाच सोलायची असते.

या पाच-सहा आठवड्यांत थकवा येतो, मळमळ होते, भूक मरते. मळमळीची गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, रेडिएशनच्या तासभर आधी. आम्लता कमी करणारी गोळी पहिल्या दिवसापासून, आणि पुढेही काही महिने, कारण जठर-ड्युओडेनममधल्या जखमा आठवड्यांनी, महिन्यांनी वर येतात. काळं डांबरासारखं शौच झालं तर तो रक्तस्राव समजायचा. पाठदुखी मात्र बऱ्याच जणांची या काळात हलकी होते. मधले दिवस बुडवू नका. सुट्टीच्या काळात पेशी पुन्हा वाढायला लागतात. मशीन बंद पडलं तर बुडालेला दिवस कसा भरून काढणार, हे विचारा.

रेडिएशन संपल्यावर चार आठवड्यांच्या आसपास पुन्हा तोच पँक्रियास प्रोटोकॉल सीटी. आणि इथे मोठा गैरसमज होतो. रिपोर्ट येतो, 'धमनीभोवतीचा वेढा जसाच्या तसा', आणि घरच्यांचा धीर सुटतो. केमो-रेडिएशननंतर मेलेल्या गाठीच्या जागी घट्ट व्रण राहतो, आणि सीटीत व्रण आणि जिवंत कॅन्सर सारखेच राखाडी दिसतात. काढलेल्या भागात फक्त व्रण सापडल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून नुसत्या अंशांवर 'होणार नाही' म्हणू नये. बघायचं ते हे: नवीन कुठे काही उगवलं का, सीए १९-९ निम्म्याहून खाली आला का, नॉर्मल झाला तर उत्तमच, पाठदुखी गेली का, वजन थांबलं का, माणूस स्वतः चालतोय का. धमनीभोवती चरबीचा पातळ काळसर पट्टा पुन्हा दिसू लागला असेल तर ती चांगली खूण. सगळं अनुकूल असेल आणि शंका फक्त धमनीची असेल, तर तिथे वारंवार काम करणाऱ्या सर्जनने उघडून बघणं योग्य ठरतं. पहिल्या सर्जनने नाही म्हटलं तर चित्रांची सीडी घेऊन दुसरं मत घ्या, नुसता कागदी रिपोर्ट घेऊन नाही.

ऑपरेशन रेडिएशननंतर चार ते आठ आठवड्यांत. आधी केलं तर सूज असते, फार उशीर केला तर व्रण दगडासारखा होतो आणि थर सुटत नाहीत. सर्जन प्रथम धमनी शोधून तिच्याभोवतीच्या पेशी तिथल्या तिथे तपासायला पाठवतात. त्यात कॅन्सर निघाला किंवा यकृतावर ठिपका दिसला तर बाकी काही न कापता पोट बंद करतात. ही शक्यता सही करण्याआधी घरात नीट बोलून घ्यावी. स्वादुपिंडाच्या शेपटीकडची गाठ असेल तर प्लीहाही जाते, त्यासाठीच्या लसी दोन आठवडे आधी. रेडिएशनचा एक अनपेक्षित फायदा असा की स्वादुपिंड टणक होतं, टाके धरून राहतात आणि जोडातून गळतीचं प्रमाण कमी होतं. ऑपरेशनचा तोटा हा की धमनीभोवतीचे मज्जातंतू सोलल्याने नंतर आठवडेच्या आठवडे जुलाब राहू शकतात. लोपरामाइड आणि एन्झाइम पुन्हा लागतात.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हाती आला की तीन गोष्टी वाचा: कड आर-० आहे की आर-१, किती लसिका ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित, आणि उपचाराचा परिणाम किती, जो ० ते ३ अंकांत लिहितात. ० म्हणजे जिवंत पेशी उरलीच नाही, ३ म्हणजे फारसा फरक पडला नाही. केमोचा एकूण काळ ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा मिळून साधारण सहा महिने धरतात. आधी आठ सायकल झाल्या असतील तर पुढे चार. आधीच्या केमोने गाठ मेलेली दिसली तर तीच चालू ठेवतात, परिणाम ३ आला तर औषध बदलण्याचा विचार होतो. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत, जखम भरून तोंडाने पुरेसं खाणं सुरू झालं की ती सुरू करतात. एन्झाइमच्या कॅप्सूल मात्र बहुतेकांना कायमच्या, पहिल्या घासाबरोबर.